तार सर्वांत खाली कुठे येते

“बाय, तुमी चुकीच्या जाग्यार मोजतास,” रावजी तांडेल म्हणाला.

मी होडीच्या टोकाशी उकिडवी बसून तांबडं फडकं बांधलेला बांबू पाण्यात रोवत होते. आम्ही वेरळी खाडीच्या अगदी मधोमध होतो आणि होडी चक्क रुतली होती. खाली वाळू. पाणी जेमतेम गुडघाभर. डोक्यावर, आभाळात, आमच्या तीन तारा एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलेल्या.

“काका, दोन मनोऱ्यांमधलं अंतर चारशे मीटर,” मी म्हटलं. “हे दोनशे. मध्य म्हणजे मध्य.”

“मध्य आसात. पण तार हयसर खाली नाय. ती त्या अंगाक खाली आसा.” त्याने हनुवटीने वेरळी गावाच्या काठाकडे खूण केली. “तार ओढलास तेव्हापासून पावसाक सुरुवात होयसर मी महिनाभर थंयसून गेलंय. माझी डोलकाठी तारेक खंय जवळ लागता, ता माका दिसता.”

“यंत्र खोटं सांगत नाही, काका.”

“यंत्राक तुमी विचारतलास ताच ता सांगतला,” रावजी म्हणाला आणि होडी वाळूतून सोडवायला स्वतः पाण्यात उतरला.

मी हसले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. कराडहून इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन थेट या कामावर आलेली. समुद्र मी त्याआधी दोनदाच पाहिला होता. विजेचे मनोरे उभारणाऱ्या आमच्या कंपनीत साइटवर पाठवलेली पहिली मुलगी मीच. आपलं एकही मोजमाप कोणाला पुन्हा करावं लागू नये, एवढाच ध्यास होता. त्यामुळे साठीच्या आसपासच्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या खलाशाने मला मध्य शिकवावा हे काही मला रुचलं नाही.

ही एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमधली गोष्ट. खाडीच्या पलीकडे डोंगर, आणि डोंगरामागे सात गावं. त्या सात गावांत तोवर वीज पोचली नव्हती. आमची तेहतीस हजार व्होल्टची लाइन खाडी ओलांडून तिकडे जाणार होती. शनिवारी दुपारी चार वाजता ती सुरू व्हायची होती. पलीकडे मांडव पडला होता, पाहुणे ठरले होते. आणि रविवारी नारळी पौर्णिमा. त्या दिवशी वेरळीच्या सगळ्या होड्या सजून, बायकापोरांना घेऊन, खाडीच्या मुखापर्यंत नारळ सोडायला जातात.

त्या गुरुवारी मी काठावर परत आले, थिओडोलाइट, म्हणजे कोन आणि उंची मोजायचं यंत्र, लावला आणि तांबड्या फडक्याच्या बरोबर वर तार किती उंच आहे ते मोजलं. भरतीच्या खुणेपासून पंधरा मीटर. नियमाप्रमाणे चौदा हवे होते. मी फॉर्मवर लिहिलं, ‘पाण्यापासून तारेची कमीत कमी उंची : १५ मीटर’, आणि खाली सही केली, हे. द. खटावकर. आमचे साइट इनचार्ज उपासनी साहेब पत्र्याच्या शेडमध्ये फोनवर मांडववाल्याशी बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी माझ्या सहीशेजारी सही केली आणि फॉर्म जीपने तालुक्याच्या गावी, विद्युत निरीक्षकांच्या कचेरीत गेला.

काम झालं होतं. मग मला स्वस्थ का वाटेना, कळेना.

मी पोस्टमास्तरांच्या पडवीत भाड्याने राहत होते. तिथे गेले, पाय धुतले, पुन्हा चपला घातल्या आणि धक्क्यावर आले. धक्क्यावरून शेडमध्ये. शेडमधून परत धक्क्यावर. पोस्टमास्तरांच्या बायकोने विचारलं, “काय हरवलंय काय तुमचं?” मी म्हटलं, “नाही.” पण रावजीचं ते वाक्य दातात तूस अडकावं तसं अडकलं होतं. यंत्राला मी काय विचारलं होतं? मध्यात तार किती उंच आहे. तार सर्वांत खाली कुठे आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी पाच वाजता मी शेडमध्ये जाऊन नकाशाची गुंडाळी उघडली. नकाशावर दोन्ही मनोरे जवळजवळ सारख्या उंचीवर होते. एक डोंगरावर, दुसरा वेरळीच्या टेंबावर, म्हणजे गावच्या टेकाडावर. तसं असतं तर तार मधोमधच सर्वांत खाली आली असती. नकाशावर मधोमध बाण काढून ‘मोजमाप येथे’ असं लिहिलेलंही होतं. पण वेरळीकडचा मनोरा टेंबावर नव्हताच! तो खाली, काठच्या सपाटीवर होता. मी रोज त्याच्या पायाशी उभी राहून चहा प्यायले होते. टेंबावर देवाची राई होती आणि ती तोडायला गाव राजी झालं नव्हतं, म्हणून मनोरा खाली आणला गेला, हे माझ्या कानावर आलंही होतं. मी जूनमध्ये आले, ते सगळं त्याआधीच होऊन गेलं होतं. मनोरा हलला. नकाशा मात्र तोच राहिला.

कपडे वाळत घालायची दोरी ज्याने बांधली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. दोन्ही खिळे एका उंचीवर असले की दोरीचा झोळ मधोमध येतो. एक खिळा वर, एक खाली असला की झोळ खालच्या खिळ्याकडे सरकतो. हे मला ठाऊक होतं. फक्त ते आपल्या तारेलाही लागू आहे, हे दिसलं नव्हतं.

किती सरकतो, हा प्रश्न उरला.

अशी ओढलेली तार अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या आकारात लोंबते असं धरलं तर फार चुकत नाही, आणि अन्वस्ताचं समीकरण वर्गसमीकरण असतं. तीन ठिकाणची उंची माहीत असली की ते मांडता येतं. माझ्याकडे तीन होत्या. वेरळीच्या मनोऱ्यापाशी एकोणीस मीटर. दोनशे मीटरवर, म्हणजे मधोमध, पंधरा. चारशे मीटरवर डोंगराच्या मनोऱ्यापाशी त्रेचाळीस. मी मांडलं. एक्सच्या वर्गाचा सहगुणक आला शून्य पूर्णांक चार दशसहस्रांश. एक्सचा आला उणे एक दशांश. आता शिरोबिंदू, म्हणजे तारेचा सर्वांत खालचा बिंदू. कॉलेजात शेकड्यांनी सोडवलेलं गणित, उणे बी भागिले दोन ए. परीक्षेत तीन मार्कांना असायचं.

उत्तर आलं एकशे पंचवीस. वेरळीच्या मनोऱ्यापासून एकशे पंचवीस मीटर. आणि तिथली उंची पावणेतेरा.

मी खोडलं आणि पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग पाटकोऱ्या कागदावर पूर्ण वर्ग करून, दुसऱ्या रीतीने केलं. पावणेतेरा. चौदा हवे असताना पावणेतेरा, आणि खाली माझी सही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी रावजीच्या घरापुढच्या खळ्यात उभी होते. त्याची बायको सुभद्राकाकी होडीच्या निशाणांचं कापड शिवत बसली होती. पिवळं, तांबडं, हिरवं. रावजी न्याहारी करत होता.

“काका, एक काम आहे. होडी काढाल?”

“आता? खंय?”

“तारेखाली. तार तुम्हाला जिथे सर्वांत खाली वाटते, तिथे नेऊन उभी करा.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. हात धुतले आणि उठला.

मी त्याला आकडा सांगितला नाही. होडी निघाली तशी मी मुद्दाम मनोऱ्याकडे पाठ करून बसले, म्हणजे माझ्या नजरेवरूनही त्याला अंदाज येऊ नये. थोडं वल्हवून तो थांबला, वर पाहिलं, दोन हात मागे आला, पुन्हा वर पाहिलं. मग नांगर टाकला.

“हयसर,” तो म्हणाला.

मी तिथे बांबू रोवायला गेले तर बांबू बुडाला. तळ लागेना.

“थंय नाय लागाचो,” रावजी म्हणाला. “ह्यो गाळो आसा, खोल पाण्याचो पट्टो. खाडीची वाट हीच. मधी सगळी रेव. मधसून कोण जायत नाय, बाय. जाणार कसो?”

मग आम्ही डब्याला फडकं बांधलं, खाली दोराने दगड सोडला आणि तो तिथेच तरंगत ठेवला. मी काठावर परत येऊन यंत्रातून पाहिलं. वेरळीच्या मनोऱ्यापासून एकशे अठ्ठावीस मीटर. त्याच्या बरोबर वर तारेची उंची बारा मीटर ऐंशी.

तीन मीटरांचा फरक. साठ वर्षांच्या माणसाने नुसतं मान वर करून तो बिंदू काढला होता, आणि मी पदवी असून वाळूवर बांबू रोवून आले होते. पण त्या क्षणी लाजेलाही जागा नव्हती. मी विचारलं, “काका, तुमच्या मोठ्या होडीची डोलकाठी पाण्यापासून किती उंच?”

“नऊ मीटर धरा. आणि पुनवेक वर निशाणाची काठी बांधतंव, ती धा फूट.”

बारा मीटर. मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि जरा जीव भांड्यात पडला. पण रावजी धक्क्याच्या पायऱ्यांकडे बोट दाखवत होता.

“तुमी भरतीची खूण धरल्यात ती तिसऱ्या पायरेर. बरोबर? पुनवेच्या उधाणाक पाणी पाचव्या पायरेर येता.”

पायऱ्या मोजल्या. तिसरीपासून पाचवीपर्यंत पाऊण मीटर भरलं. पावणेतेरातून पाऊण गेलं की उरले बारा.

मी धावत शेडकडे निघाले.

उपासनी साहेब पन्नाशीचे, किडकिडीत, कायम घाईतले. वाईट माणूस नव्हता. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये झोपून, स्वतः तापाने फणफणलेले असताना त्यांनी ही लाइन ओढली होती. माझ्यासाठी धक्क्यावर वेगळा संडास बांधून घ्यायला वरिष्ठांशी भांडले होते ते.

मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. “सर, तार मध्यात सर्वांत खाली नाहीये.”

त्यांनी कागद पाहिला. बराच वेळ पाहिला. वर मी काढलेली वक्ररेषा, खाली आकडे. त्यांचं बोट शिरोबिंदूवर जाऊन थांबलं.

“नकाशावर मोजमाप कुठे दाखवलंय?” त्यांनी विचारलं.

“मधोमध, पण—”

“तू कुठे मोजलंस?”

“मधोमध.”

“संपलं मग.”

“सर, होड्या मधून जातच नाहीत. परवा पौर्णिमा आहे. काठीचं टोक तारेला टेकेल. टेकायचीही गरज नाही, जवळ आलं तरी—”

“मला शिकवू नकोस.” त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “खटावकर, पलीकडे सात गावं आहेत. गेल्या महिन्यात तिथे एक बाई बाळंतपणात गेली. कंदिलाच्या उजेडात टाके घालत होते. आता लाइन थांबवली तर वर्षअखेरपर्यंत तरी सुरू होणार नाही. त्यांना काय सांगायचं? आणि सही कोणाची आहे त्या फॉर्मवर?”

मी कागदाची घडी घालायला लागले.

“त्यापेक्षा असं कर,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “एक पाटी कर. ‘वर वीजवाहक तार. उंच काठीच्या होड्यांनी निशाण उतरवून जावे.’ धक्क्यावर लाव. त्या तांडेलाला सांग, वाडीत फिरून सगळ्यांना सांगेल. पावसाळा गेला की मनोरा उंच करून घेऊ. मी शब्द देतो.”

मला तेव्हा इतकं हायसं वाटलं, की आजही ते आठवलं की अंगावर शहारा येतो. पाटी! किती सोपं. मी पत्र्याचा तुकडा शोधला, पांढरा रंग शोधला, आणि शेडच्या मागे मांडी घालून अक्षरं काढत बसले. ‘वीजवाहक’ मधला पहिला ‘व’ जरा वाकडा आला म्हणून तो पुसून पुन्हा काढला. दोन तास गेले. त्या दोन तासांत मी एकदाही वर तारेकडे पाहिलं नाही.

दुपारी पाटी घेऊन रावजीकडे गेले. तो मोठ्या होडीच्या डोलकाठीला नवीन दोर लावत होता. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली.

“माझी काठी मी काढतलंय. वाडयेतल्या बाकीच्यांका पण सांगतलंय. आयकतले.”

“मग झालं तर.”

“बाहेरसून धा-बारा होडयो येतत, त्यांका मुखाशी गाठून सांगूक होया. ताय करूया.” तो दोर ओढता ओढता थांबला. “ह्या झाला ह्या वर्साचा. फुडल्या वर्साक तुमी खंय आसतलास, बाय?”

पुढच्या वर्षी मी कुठेही असणार होते. उपासनी साहेब कुठेही असणार होते. पत्र्याची पाटी दोन पावसाळ्यांत गंजली असती. तार मात्र तिथेच राहणार होती, पावणेतेरा मीटरवर, गाळ्याच्या बरोबर वर.

“तुमका दोष नाय देत,” रावजी म्हणाला. “सहज इचारलंय.”

मी पाटी तिथेच त्याच्या खळ्यात ठेवली आणि परत आले. त्या संध्याकाळी पत्र लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा नीट उतरलं. ‘दि. ६ रोजी मी दिलेले मोजमाप चुकीच्या ठिकाणी घेतलेले असल्याने मी माझी सही मागे घेत आहे.’ खाली आकडे, आकृती, शिरोबिंदूचं गणित. शनिवारी पहाटेच्या एसटीला बसण्याआधी शेडच्या दाराखालून एक चिठ्ठी आत सरकवली : सर, मी तालुक्याला जाते आहे. का, ते तुम्हाला माहीत आहे.

निरीक्षक वयस्क गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. कचेरी उघडायच्या आधीपासून मी पायरीवर उभी होते, बसवत नव्हतं. त्यांनी पत्र वाचलं, आकृती उलटसुलट करून पाहिली. मग टेबलावरच्या एका फायलीची नाडी सोडली, दोन हातांत धरली. डावा हात वर नेला, उजवा खाली ठेवला, आणि नाडीचा झोळ उजव्या हाताकडे घसरला तो पाहत राहिले.

“हं,” ते म्हणाले. “पहिलं मोजमाप कोणाचं?”

“माझं.”

“उपासनींचीही सही आहे.”

“त्यांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला, साहेब.”

हे मी का म्हटलं? खरं तर तेवढंच खरं होतं, गुरुवारपुरतं. शुक्रवारबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

“पोरी, तुझ्या नोकरीच्या कागदावर हे कायम राहील, कळतंय ना?”

“हो.”

त्यांनी फोन उचलला.

मी परत पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. बातमी माझ्या आधी खाडी ओलांडून पलीकडे गेली होती. पाहुण्यांना वाटेतूनच परत पाठवलं होतं. पलीकडून एक मचवा भरून माणसं धक्क्यावर आली होती, नव्या कपड्यांत. ओरडत होती. उपासनी साहेब मधे उभे राहून हात जोडून सगळ्यांची समजूत घालत होते. मला पाहिल्यावर कोणीतरी म्हणालं, “हीच ती. बाईमाणसाच्या हातात दिल्यावर दुसरं काय व्हायचं!” एक म्हातारा मात्र ओरडला नाही. तो जवळ आला आणि म्हणाला, “पोरी, मी डोळे मिटायच्या आत येईल ना गो लाईट?” मी हो म्हटलं. वेरळीकडचा मनोरा सहा मीटरने उंच करून लाइन सुरू व्हायला जानेवारी उजाडला. तोवर माझी नागपूरच्या ड्रॉइंग ऑफिसात बदली झाली होती. तो म्हातारा तोवर होता की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

त्या संध्याकाळी उपासनी साहेब मला ओलांडून शेडमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी मी पडवीत येरझाऱ्या घालत होते. आता मला भलतीच शंका खात होती. मी चुकले असले तर? खुणेत अर्धा मीटर इकडेतिकडे झाला असला तर? काठी तारेपासून चांगली हातभर खालून गेली, तर सात गावांचा अंधार मी फुकटच वाढवला असं होणार होतं. देवाजवळ काय मागावं कळत नव्हतं.

अकरा वाजता सुभद्राकाकी दारात आली. नवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर.

“चला. माझो घोव बलवता तुमका. होडयेत.”

“काकी, मी नको. लोक—”

“लोकांका जेवक घालूचा नाय आसा तुमका. चला.”

मोठ्या होडीत अठरा माणसं होती. बायका, पोरं, दोन म्हाताऱ्या. मी एकोणिसावी. डोलकाठीवर निशाणाची दहा फुटी काठी बांधलेली होती. मी रावजीकडे पाहिलं.

“तार मेलेली आसा मां?” त्याने हळूच विचारलं.

“हो. जोडलेलीच नाही. दोन्ही टोकांना जमिनीशी बांधलीय. मी काल स्वतः बघून आले.”

“मग काठी रवांदे. माका पण बघूचा आसा.”

पाणी पाचव्या पायरीवर होतं. वारा नव्हता. इंजिन मंद ठेवून रावजीने होडी गाळ्यात घातली. बायका गाणं म्हणत होत्या, कोणीतरी गुलाल उडवत होतं. मी मान वर करून त्या टोकाकडे बघत होते. तार जवळ आली. आणखी जवळ. निशाणाचं टोक आणि तार यांत आभाळाची एक बारीक चीर दिसत होती, आणि ती चीर मिटत गेली.

टक्.

एवढाच आवाज. काठीचं टोक तारेला लागलं, किंचित वाकलं, तारेवरून ओरखडा ओढत पलीकडे सुटलं. निशाणाचा एक कोपरा फाटून वरच राहिला. कोणीच वर पाहिलं नाही. गाणं चालूच होतं. समोर बसलेल्या एका बाईच्या मांडीवर तिचं लेकरू झोपलेलं होतं, आणि तिने डोलकाठीला हात टेकवला होता, तोल सांभाळायला.

मी रावजीकडे वळले. त्याने सुकाणू सोडलं नव्हतं. फक्त दुसऱ्या हाताने चेहरा पुसला, दोनदा.

मी नारळ सोडताना पाहिलाच नाही. जाळ्यांच्या ढिगावर बसून राहिले. सुभद्राकाकीला वाटलं, मला होडी लागली. तिने लिंबू हुंगायला दिलं.

परत आलो तेव्हा धक्क्यावर उपासनी साहेब उभे होते. शेजारी तिकाटण्यावर थिओडोलाइट, गाळ्याच्या दिशेने वळवलेला. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. कडेला होडी लागायच्या आधीच ते पायऱ्या उतरून खाली आले, बुटांसकट पाण्यात.

“किती माणसं होती आत?” त्यांनी मला विचारलं.

“एकोणीस.”

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “निरीक्षक साहेबांनी फोनवर सांगितलं मला. तू माझ्याबद्दल काय सांगितलंस ते.”

मी होडीतून उतरून त्यांच्यासमोर पाण्यात उभी राहिले.

“मनोरा मी हलवला होता, खटावकर. एप्रिलमध्ये. नकाशा बदलायचा राहून गेला तो माझ्याकडून. तुझा कागद बघितला तेव्हाच कळलं होतं मला सगळं.” त्यांनी शेडकडे हात केला. “तू पाटी रंगवत होतीस ना मागे, तेव्हा मी आत बसून तेच गणित करत होतो. दोनदा केलं. उत्तर तुझंच येत होतं.”

वर होडीतून सगळी माणसं उतरायची खोळंबली होती. पोरं ओरडत होती. आम्ही दोघं पाण्यात वाटेत उभे होतो म्हणून कोणाला उतरता येईना.

“ओ साहेब, जरा हात देवा!” सुभद्राकाकीने वरून हाक मारली.

मग आम्ही दोन बाजूंना उभे राहून एकेकाला उतरवून घ्यायला लागलो. पोरं, बायका, ती लेकरू घेतलेली बाई. शेवटी रावजीची आई उरली, नव्वदीची, काठी टेकत. उपासनी साहेबांनी तिला दोन्ही हातांनी अलगद उचललं. तिने डोळे बारीक करून त्यांच्या चेहऱ्याकडे अगदी जवळून पाहिलं.

“कोणाचो रे तू झील?” तिने विचारलं.

“लांबचा आहे, आजी. इथला नव्हे.”

“आसांदे. पाणी खूप आसा. सोडू नको हां माका.”

“नाही सोडत,” ते म्हणाले, आणि सगळ्या पायऱ्या चढून, कोरड्या जमिनीवर नेऊनच त्यांनी तिला खाली ठेवलं.